शुद्ध पाण्याचा अशुद्ध हिशेब

औषधाच्या बाटलीवरील घटकद्रव्यांची यादी चिकित्सेने वाचणारा ग्राहकही तिच्यातील एका घटकाकडे सहसा लक्ष देत नाही. तो घटक म्हणजे पाणी. खोकल्याचे औषध असो, डोळ्यांत घालावयाचे थेंब असोत, की शिरेतून द्यावयाचे सलाइन असो, त्यांचा फार मोठा भाग पाण्यानेच व्यापलेला असतो. गोळ्यांच्या कारखान्यातही भुकटी भिजविण्यासाठी आणि यंत्रे विसळण्यासाठी पाणी लागतेच. औषधनिर्मितीत सर्वाधिक प्रमाणात वापरला जाणारा कच्चा माल कोणता, या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच पाणी असे द्यावे लागते. मात्र इतर कच्चा माल गोणीतून वा पिंपातून येतो, त्याचा नमुना तपासला जातो आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत तो कोठारात अडकवून ठेवता येतो. पाण्याचे तसे नाही. ते कारखान्यातच तयार होते, नळ उघडताक्षणी वापरले जाते, आणि त्याच्या तपासणीचा निकाल हाती येतो तेव्हा त्याचे औषध होऊन गेलेले असते.

२०१६ साली अमेरिकेतील काही रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत एकाच जातीच्या जिवाणूंचा संसर्ग झालेले रुग्ण आढळू लागले. बर्खोल्डेरिया सेपेशिया हे त्या जिवाणूचे नाव. १९५० मध्ये वॉल्टर बर्खोल्डर या वनस्पतिरोगतज्ज्ञाने त्याचे प्रथम वर्णन केले, ते कांदा सडविणारा जिवाणू म्हणून. निरोगी माणसाला तो फारसा त्रास देत नाही. परंतु कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या किंवा फुफ्फुसाच्या जुनाट विकाराने खंगलेल्या रुग्णाला तो घातक ठरू शकतो. शोध घेता घेता तपास मलावरोधावर दिल्या जाणाऱ्या एका साध्या पातळ औषधापर्यंत पोहोचला. फ्लोरिडा राज्यातील ज्या कारखान्यात ते तयार होत होते, तेथे त्या औषधाच्या दहाहून अधिक घाण्यांत हा जिवाणू सापडला, आणि औषध बनविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पाण्याच्या यंत्रणेतही तो सापडला. पोटात घेण्याचे औषध निर्जंतुक असावे, असा नियम नाही. पण ते कोणाच्या पोटात जाणार, हे कारखान्याच्या हाती नसते.

शुद्ध पाणी तयार करण्यासाठीच उभारलेल्या यंत्रणेत जिवाणू राहतात कसे, हा प्रश्न सामान्य वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जीवशास्त्रात जितके आहे तितकेच अर्थव्यवहारातही आहे.

रांजण आणि नळ

आपल्याकडील जुन्या घरांत सकाळी रांजणातील शिळे पाणी ओतून देऊन तो आतून हाताने घासण्याची रीत होती. तांब्यापितळेच्या भांड्यांना चिंच आणि राख लागे. पाणी दिसावयास स्वच्छ असले तरी भांड्याच्या आतल्या अंगाला बोट लावले की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो काढल्याखेरीज नवे पाणी भरावयाचे नाही, हे गृहिणीला ठाऊक होते. शास्त्रज्ञ आज ज्याला 'बायोफिल्म' म्हणतात, तो जैविक थर म्हणजे हाच बुळबुळीतपणा. दोष पाण्यात असण्यापेक्षा भांड्याच्या अंगाला चिकटलेला असतो, हे या रिवाजातील मर्म होते.

प्रयोगशाळांना ते पटावयास बराच काळ लागला. सतराव्या शतकात लेव्हेनहूकने आपल्या दातांवरील किटण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्याने प्रत्यक्षात असाच एक थर पाहिला होता. परंतु पुढे जीवाणुशास्त्र वाढले ते काचेच्या चंबूत, पोषक रसात तरंगणाऱ्या जिवाणूंच्या अभ्यासावर. १९४३ मध्ये क्लॉड झोबेलने घन पृष्ठभागामुळे जिवाणूंच्या व्यवहारात पडणारा फरक दाखवून दिला. आणि १९७८ मध्ये कॉस्टरटन व त्याच्या सहकाऱ्यांनी निसर्गातील बहुसंख्य जिवाणू एकटेदुकटे पोहत नसून पृष्ठभागाला चिकटून समूहाने राहतात, हा विचार ठामपणे मांडला. घरातील रांजणाच्या तळापर्यंत गृहिणीचा हात पोहोचतो. कारखान्यातील शेकडो मीटर लांबीच्या नळांत कोणाचा हात पोहोचणार, हा खरा प्रश्न आहे.

पहारा उठल्यावर

नगरपालिकेच्या नळातून येणाऱ्या पाण्यात थोडा क्लोरीन असतो आणि तोच वाटेतील जिवाणूंवर पहारा ठेवतो. कारखान्यात आल्यावर मात्र हा पहारेकरी अडचणीचा होतो, कारण क्षार काढून टाकणाऱ्या पातळ पडद्यांना आणि राळेच्या कणांना क्लोरीन खराब करतो. म्हणून पाणी प्रथम कोळशाच्या गाळणीतून नेतात व क्लोरीन काढून टाकतात. त्या क्षणापासून पुढचे पाणी असंरक्षित होते. कोळशाच्या असंख्य छिद्रांत अडकलेले सेंद्रिय द्रव्य हे जिवाणूंचे आयते अन्नछत्र बनते. पुढे पडदे, राळ, साठवणीची टाकी, पंप आणि कारखानाभर फिरणारी नळांची साखळी अशी यंत्रणा जितकी वाढते, तितका जिवाणूंना चिकटावयास मिळणारा पृष्ठभागही वाढत जातो.

अतिशुद्ध पाण्यात त्यांना खावयास काय मिळते, अशी शंका येईल. काही जातींना अब्जांश भागांत मोजावे लागणारे सेंद्रिय द्रव्यही पुरते. इलेक्ट्रॉनिक चकत्यांच्या कारखान्यांत औषधांसाठी लागणाऱ्या पाण्याहूनही क्षारमुक्त पाणी वापरतात. तेथील नळांतही जिवाणूंच्या वसाहती सापडलेल्या आहेत. वाहत्या पाण्यातून अन्नाचे कण सतत भिंतीवरून जात असतात, म्हणून पोहणाऱ्यापेक्षा भिंतीला धरून बसणाऱ्याचा फायदा होतो. प्रथम काही जिवाणू चिकटतात, ते स्वतःभोवती चिकट शर्करायुक्त द्रव्य स्रवतात, त्या आश्रयाने इतर येतात, आणि काही दिवसांत वा आठवड्यांत तेथे एक वस्ती वसते. वस्ती दाट झाली की तिचे तुकडे सुटून पाण्याबरोबर पुढे जातात व नव्या जागी ठाण मांडतात. जेथे पाणी थांबते, म्हणजे बंद तोंडाच्या फाट्यात, झडपेच्या खाचेत, ओबडधोबड जोडात, तेथे त्यांचे विशेष फावते.

या वस्तीचा चिवटपणा किती असतो, याचे बोलके उदाहरण अमेरिकेतीलच आहे. १९८० मध्ये न्यूयॉर्कमधील काही रुग्णालयांत अनेक रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीत जिवाणू आढळले, पण रुग्णांत रक्तदोषाची लक्षणे दिसेनात. अखेर कळले, की जिवाणू रक्तात नव्हतेच. रक्त घेण्यापूर्वी कातडी पुसण्यासाठी वापरलेल्या आयोडीनयुक्त जंतुनाशकातच ते होते. जंतुनाशकातच जंतू! हे कोडे सोडविण्यासाठी पुढे प्रयोग झाले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जिवाणूंची वस्ती बसलेले प्लॅस्टिकचे नळ निरनिराळ्या जंतुनाशकांनी भरून सात दिवस ठेवण्यात आले. नंतर जंतुनाशक ओतून देऊन त्यांत निर्जंतुक पाणी भरले, तेव्हा नळाच्या आतल्या अंगावर तग धरून राहिलेले जिवाणू पुन्हा वाढू लागले.

म्हणूनच पाण्यावर केवळ एखादे उपकरण बसवून निश्चिंत होणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार ठरतो. अतिनील किरणांचा दिवा समोरून जाणाऱ्या जिवाणूला मारतो. दहा मीटर पलीकडे भिंतीला चिकटलेल्या वस्तीला त्याचा उपद्रव नसतो. मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाइतकी बारीक छिद्रे असलेली गाळणी बसवली, तर अडलेले जिवाणू तिच्याच अंगावर वाढू लागतात, आणि ती वेळेवर बदलली नाही तर कालांतराने तीच उपद्रवाचे मूळ होते. शिवाय जिवाणू मेले म्हणून काम संपत नाही. येल विद्यापीठात संशोधन करणाऱ्या फ्लॉरेन्स सायबर्टने १९२३ मध्ये दाखवून दिले, की टोचून दिलेल्या औषधांनंतर रुग्णांना भरणाऱ्या हुडहुडीचे व तापाचे कारण उर्ध्वपातित पाण्यातील जिवाणूजन्य द्रव्य हे होते. जिवाणूंच्या कवचातील हे विष उकळल्याने नष्ट होत नाही. काचेची भांडी त्यापासून मुक्त करण्यासाठी ती सुमारे २५० अंश सेल्सियसच्या कोरड्या उष्णतेत तापवावी लागतात. औषध शेवटी निर्जंतुक करणारच आहोत, मग पाण्याची इतकी चिंता कशाला, या युक्तिवादाला सायबर्टने शंभर वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवले आहे.

शितावरून भात

औषधसंहितेने याबाबत मर्यादा घालून दिल्या आहेत. सर्वसाधारण शुद्ध पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये १०० पर्यंत जिवाणू चालतात. टोचण्याच्या औषधांसाठी लागणाऱ्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये केवळ १०. दोहोंत हजारपटीचा फरक आहे. मर्यादा स्पष्ट असल्या तरी मोजणी तितकी सरळ नाही.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका भांड्यातील सारी शिते एकाच आचेवर शिजलेली असतात. नळातील जिवाणू असे सारखे पसरलेले नसतात. ते भिंतीवर असतात आणि तुकड्यातुकड्यांनी सुटतात. सकाळी घेतलेल्या नमुन्यात काही सापडू नये आणि दुपारी शेकड्यांनी सापडावेत, असे होऊ शकते. हजारो लिटर पाण्यातून घेतलेल्या पेलाभर नमुन्याने यंत्रणा निर्दोष ठरत नाही. फार तर तो पेला निर्दोष ठरतो.

मोजण्याच्या पद्धतीतही अशीच मेख आहे. अर्धपोटी राहावयाची सवय झालेल्या या जिवाणूंना प्रयोगशाळेतील पौष्टिक खाद्य मानवत नाही आणि ते सावकाश वाढतात. रीझनर व गेल्डराइक या संशोधकांनी १९८५ मध्ये कमी पोषक असे एक खाद्य सुचविले, आणि त्यावर अधिक दिवस वाट पाहिली असता पाण्यातील जिवाणूंची संख्या पुष्कळदा अधिक भरते, असे दिसून आले. म्हणजे जो काळजीपूर्वक मोजतो त्याला दोष सापडतो आणि जो घाईने मोजतो त्याचा कागद निष्कलंक राहतो. ज्या व्यवस्थेत कागदावरील निष्कलंकपणाला बक्षीस आणि सापडलेल्या दोषाला शिक्षा असते, त्या व्यवस्थेत कोणती पद्धत रूढ होईल, हे सांगावयास अर्थशास्त्राच्या पंडिताची गरज नाही.

स्वस्ताईचे अर्थशास्त्र

कारखान्याच्या जमाखर्चात पाणी ही क्षुल्लक बाब म्हणून दिसते, कारण तेथे फक्त पाणीपट्टी लिहिलेली असते. वस्तुतः शुद्ध पाण्याचा खर्च पाण्यावर होत नाही. तो ते पाणी सतत वाहते व शक्यतो गरम ठेवण्यावर होतो. ऐंशी अंशांच्या आसपास तापमान ठेवून अखंड फिरणाऱ्या पाण्यात असे थर सहसा जमत नाहीत, ही माहिती नवी नाही. आतून आरशासारखे गुळगुळीत केलेले पोलादी नळ, पाणी पूर्ण निथळावे म्हणून दिलेला उतार, बंद फाट्यांची आखूड लांबी, ठराविक काळाने उष्णतेने वा ओझोनने केलेली स्वच्छता, हे सारे उपाय तंत्रज्ञांना तोंडपाठ आहेत. ते अमलात का येत नाहीत, हा मात्र तंत्रज्ञानाचा प्रश्न नव्हे.

एका पाळीत चालणाऱ्या कारखान्याचा मालक संध्याकाळी पंप बंद करतो, तेव्हा विजेच्या बिलात झालेली बचत त्याला महिनाअखेर दिसते. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत नळात थांबलेल्या पाण्याने काय केले, ते कोणत्याच बिलात येत नाही. बचत आजची, निश्चित आणि स्वतःची असते. नुकसान उद्याचे, अनिश्चित आणि बहुधा दुसऱ्याचे असते. एकाच्या निर्णयाचा भार तिऱ्हाइताच्या माथी पडतो तेव्हा बाजार आपण होऊन त्याचा हिशेब करीत नाही, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे.

त्यात माहितीच्या विषमतेची भर पडते. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला घेऊन एक सिद्धांत मांडला, ज्यासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. मालाचा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर ग्राहक चांगल्या मालालाही सरासरीचीच किंमत देऊ करतो, चांगला माल विकणारा हळूहळू बाजारातून निघून जातो आणि मागे वाईट माल उरतो. मोटारीच्या ग्राहकाला निदान चार दिवसांत तरी खोड कळते. औषधाच्या ग्राहकाला ती कधीच कळत नाही. ज्याने अखंड पंप चालविला त्याची बाटली आणि ज्याने तो रोज बंद केला त्याची बाटली शेजारी शेजारी ठेवली, तर रोगी, डॉक्टर किंवा औषधविक्रेता यांपैकी कोणालाही फरक सांगता येणार नाही. सरकारी रुग्णालयाची खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर होते तेव्हा तर या अज्ञानाला नियमाचेच पाठबळ मिळते. अशा वेळी खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते.

महाराष्ट्राला याचा कटू अनुभव नाही असे नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेले असल्याने १४ रुग्ण दगावले. तो दोष रासायनिक होता, जिवाणूंचा नव्हता. तथापि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीच्या पद्धतीवर आणि औषध प्रशासनाच्या कारभारावर जो प्रकाश टाकला, तो येथेही तितकाच लागू पडतो. विष कोठून आले यापेक्षा ते वाटेत कोठेच अडले का नाही, हा त्या चौकशीतून निघणारा मोठा प्रश्न होता.

येथे अशी हरकत घेतली जाईल, की आपल्याकडे पाण्यातील जिवाणूंमुळे रुग्ण दगावल्याच्या घटना फारशा ऐकिवात नाहीत. परंतु ऐकिवात नसणे म्हणजे नसणे नव्हे. फ्लोरिडातील दोष उघडकीस आला, कारण वेगवेगळ्या राज्यांतील रुग्णालयांनी जिवाणूंची जात ओळखली, ती मध्यवर्ती यंत्रणेला कळविली आणि त्या यंत्रणेने नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. जेथे अतिदक्षता विभागातील मृत्यूची नोंद मूळ आजाराच्या नावावर होऊन विषय संपतो, तेथे औषधाच्या बाटलीपर्यंत संशय जाणारच कसा?

लहान कारखानदाराचे काय?

औषधनिर्मितीच्या सुधारित नियमांची अनुसूची केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि अडीचशे कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कारखान्यांना तिच्या पूर्ततेसाठी अधिक मुदत दिली. ती पुढे २०२५ च्या अखेरपर्यंत वाढविण्यात आली. मुदतवाढ मागणाऱ्यांची अडचण सर्वस्वी खोटी नव्हती. नळांची जुनी मांडणी मोडून नवी करणे हा एकरकमी मोठा खर्च आहे, आणि मोठ्या कारखान्याच्या मानाने लहान कारखान्याला तो दर बाटलीमागे अधिक पडतो. सगळे लहान कारखाने बंद पडले तर स्पर्धा आटेल आणि औषधे महागतील, ही भीतीही निराधार नाही. परंतु औषध गरिबाला परवडावे म्हणून ते थोडे अशुद्ध असले तरी चालेल, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मान्य करता येत नाही. कारण अशक्त प्रकृतीचा आणि सरकारी रुग्णालयाखेरीज दुसरीकडे जाऊ न शकणारा गरीबच त्या अशुद्धतेला सर्वांआधी बळी पडतो.

मग मार्ग कोणता? औद्योगिक वसाहतींत सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्रे आहेत. त्याच धर्तीवर शुद्ध पाणीही सामाईक केंद्रातून पुरवावे, ही कल्पना प्रथमदर्शनी आकर्षक वाटते. पण जिवाणूंचा दृष्टिकोन लक्षात घेतला, तर ती उलट अंगावर येण्याचा संभव अधिक. नळ जितका लांब तितकी वस्तीला जागा जास्त, आणि एका ठिकाणचा दोष दहा कारखान्यांत पसरावयास वेळ लागणार नाही. सामाईक करावयाचे ते पाणी नव्हे, तर ज्ञान. पाण्याच्या तपासणीची एखादी चांगली प्रयोगशाळा, नळांची मांडणी पाहून दोष सांगू शकणारे दोनचार अनुभवी तंत्रज्ञ, आणि यंत्रणा बदलण्यासाठी कमी व्याजाचे कर्ज, एवढ्या गोष्टी वसाहतीतील कारखानदारांच्या संघाला आणि शासनाला मिळून करता येण्याजोग्या आहेत. तसेच सर्व उपाय खर्चिकच असतात असेही नाही. बंद फाटे कापून टाकणे, सुटीतही पाणी फिरते ठेवणे, गाळणी ठरल्या दिवशी बदलणे, यांत पैशापेक्षा शिस्तीचा भाग मोठा आहे.

दुसरी सुधारणा खरेदीत हवी. निविदेबरोबर वर्षभराच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे मागवावेत, आणि ते केवळ मर्यादेच्या आत आहेत काय एवढे न पाहता वाढत आहेत की उतरत आहेत, हे पाहावे. तिसाचे चाळीस आणि चाळीसचे साठ होत असतील, तर शंभराची मर्यादा ओलांडली जाण्यापूर्वीच भिंतीवर वस्ती वाढत असल्याचा इशारा मिळालेला असतो. ज्याच्या वहीत वर्षभर सलग शून्येच आहेत, त्याची वही मात्र अधिक बारकाईने तपासावी. दोष स्वतः शोधून दुरुस्त करणाऱ्याला गुन्हेगार न ठरविता दोष दडविणाऱ्याला जबर शासन, हे धोरण ठेवले तरच खरी मोजणी होईल. आणि रुग्णालयांतून सापडणाऱ्या असाधारण जिवाणूंची माहिती एकत्र येण्याची सोय झाली, तर ग्राहकाच्या अज्ञानाची भिंतही थोडी ढासळेल.

या सर्वांच्या मुळाशी हिशेबाचा प्रश्न आहे. पाणी फुकट मिळते असे समजून त्याचा हिशेब मांडला जातो, तोवर ते शुद्ध राखण्याचा खर्च डोळ्यांत खुपत राहणार. रांजण घासण्याचे श्रम जुन्या गृहिणीने कधी वहीत लिहिले नाहीत, पण ते टाळलेही नाहीत. कारण त्या रांजणातील पाणी तिच्याच मुलांना प्यावयाचे होते. कारखान्यातील पाणी कोणा अनोळखी माणसाच्या शरीरात जाते. त्या अनोळखी माणसाच्या वतीने रांजण घासला गेला की नाही हे पाहणारे दुसरे कोणी नाही. म्हणून ते काम कायद्याने, खरेदीच्या अटींनी आणि सार्वजनिक दक्षतेने करावयाचे आहे. ते होत नाही तोपर्यंत बाटलीवरील यादीत पाणी हा घटक सर्वांत निरुपद्रवी दिसत राहील आणि त्याच्याविषयी कोणी प्रश्न विचारणार नाही.